नववा हिरवा सेन्सर

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी, एकला पाच मिनिटं कमी असताना, एव्हलिन नॉस्केची पांढरी वॅगन वुरिल्ला बोलिंग क्लबचं कुंपण तोडून आत शिरली आणि गवतावर चेंडू घरंगळवत खेळायच्या हिरवळीच्या बरोबर मधोमध जाऊन थांबली.

मी समोरच, माझ्या दुकानाच्या काउंटरमागे होते. किराणा, टपाल आणि गावातल्या दोनशे बारा माणसांची खबरबात, तिन्ही माझ्याकडेच असतं. गाडी किंचाळली ते मी आधी ऐकलं. नंतर पत्र्याचा आवाज, आणि मग अशी शांतता की मागच्या फ्रीजची घरघरसुद्धा ऐकू आली.

आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. बाहेर त्रेचाळीस अंश होते, वारा उत्तरेकडचा, वाळवंटातून येणारा. अशा उन्हात आमच्याकडे कुणी धावत नाही. त्या दिवशी सगळे धावले. मी पोचले तेव्हा पंधराएक माणसं हिरवळीच्या कडेला उभी होती. त्यांतली अर्धी एव्हलिनकडे बघत होती आणि अर्धी गवताकडे. त्या गवताला दुष्काळातसुद्धा पाणी मिळालं होतं. आमच्या घरच्या झाडांना मिळालं नव्हतं. आता त्यावर दोन काळे चर पडले होते, हात हात खोल.

"मार्चमध्ये स्पर्धा आहेत," क्लबचा सेक्रेटरी हळूच म्हणाला.

"मी जिवंत आहे, रॉजर," एव्हलिन गाडीतून म्हणाली. "विचारलंस म्हणून सांगते."

एव्हलिन एकोणऐंशी वर्षांची. दर सोमवारी आणि शुक्रवारी ती एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना गरम जेवण पोचवते. त्यांतले बरेचसे तिच्यापेक्षा लहान आहेत, पण ते तिच्यासमोर कुणी काढत नाही. मागच्या सीटवर सहा डबे उपडे झाले होते आणि तिच्या पांढऱ्या केसांवरून मटणाचा रस्सा ओघळत होता. क्षणभर आम्हा सगळ्यांना तो रस्सा वाटलाच नव्हता.

"पाय काढला," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, पण हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. "पाय काढला तरी ही पळतेच आहे. ब्रेक दाबला तरी ओढतेच आहे. शेवटी किल्ली फिरवली. मी आजचं पहिलं वाक्य देवाशी बोलले, आणि ते चांगलं नव्हतं."

तेवढ्यात क्लेम शिर्मर आला. तो शेडमधून आला, म्हणजे निवृत्त पुरुष शुक्रवारी बसून वस्तू दुरुस्त करतात किंवा नीट बिघडवतात त्या पत्र्याच्या शेडमधून. क्लेम एकाहत्तर वर्षांचा. आयुष्यभर त्याने रेडिओ, टीव्ही आणि शेतातले पंप दुरुस्त केले. त्याने कधी काही फेकलेलं कुणी पाहिलेलं नाही.

त्याने कुणाशी न बोलता बॉनेट उघडलं, आत वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"क्लेम?" मी म्हटलं.

त्याने पाठ सरळ केली. मी त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखते, पण तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. उन्हात भाजलेला तांबडा चेहरा पिठासारखा झाला होता.

"वितळलाय," तो म्हणाला. "माझा सेन्सर वितळलाय."

हे सेन्सरचं प्रकरण थोडं मागे जाऊन सांगायला हवं.

बावीस वर्षांपूर्वी धान्याची कोठारं चालवणाऱ्या कंपनीने आपल्या एकोणीस एकसारख्या पांढऱ्या वॅगनी लिलावात काढल्या, आणि स्वस्त मिळतंय म्हटल्यावर आमच्या गावाने त्या सगळ्या घेतल्या. क्लेमने दोन घेतल्या, एक घरी आणि एक मुलीला, ट्रूडीला, लग्नात. गाड्या चांगल्या निघाल्या. पण त्यांच्यात एक सेन्सर असतो, काड्यापेटीएवढा. आपण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते. झडप किती उघडली हे हा सेन्सर गाडीच्या संगणकाला कळवतो. तो झिजला की गाडी उचक्या देते, चौकात बंद पडते, कधी आपोआप गुरगुरते. गावातल्या वॅगनी एकामागून एक उचक्या द्यायला लागल्या. शहरातल्या दुकानाने किंमत सांगितली सहाशे चाळीस डॉलर. गाडी विकली तर आठशे येतील.

क्लेमने शोध लावला. दुसऱ्या एका गाडीचा सेन्सर चिल्लर भावात मिळतो आणि आतून अगदी तसाच असतो. फक्त तो झडपेच्या दांड्यावर बसत नाही. मग क्लेमने मधे बसणारी एक पट्टी आणि एक टोपी तयार केली, शेडमधल्या प्लास्टिक छापणाऱ्या यंत्रावर. दोन स्क्रू, एक प्लग, मीटरवर अर्धा व्होल्ट आला की झालं. किंमत पस्तीस डॉलर. गावाने त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

विकायला दुकान नव्हतं. त्याच्या फाटकाबाहेर लोर्नाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, टेबल असतं: अंडी, लिंबं, शेणखताच्या पिशव्या आणि पैशाचा डबा. हवं ते उचला, डब्यात पैसे टाका. कुणी पाहत नाही, कुणी नाव लिहीत नाही. आमच्याकडे सगळं असंच विकलं जातं आणि या गोष्टीचा आम्हाला इतका अभिमान आहे की बाहेरच्या माणसाला त्याचा कंटाळा येतो. सेन्सरही अंड्यांशेजारी ठेवले गेले, पैशासाठी दुधाच्या पावडरीच्या वेगळ्या डब्यासकट.

आणि म्हणून त्या शुक्रवारी क्लेमला ठाऊक नव्हतं की त्याचे सेन्सर कुणाकुणाच्या गाडीत आहेत.

"पहिले सहा काळे होते," तो आम्हाला सांगत होता. खरं तर तो गवताला सांगत होता. "काळं प्लास्टिक उष्णता सहन करतं. ते सहा ठीक आहेत. मग काळा रोल संपला. नवा मागवला तो येईना. लोक रोज विचारायचे. शेडमध्ये शाळेचा हिरवा रोल पडला होता. मक्यापासून करतात तो."

"मक्यापासून?" एव्हलिन म्हणाली. तिला आता खुर्चीत बसवलं होतं आणि डोक्यावर ओला टॉवेल होता. "माझ्या इंजिनात तू मका लावलास?"

"मी आठवडाभर स्वतःच्या गाडीत लावून पाहिला. काही झालं नाही."

"तू घरून शेडला जातोस आणि शेडवरून घरी येतोस," मी म्हटलं. "त्यात काय होणार?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बोलून गेले ते त्याच्या आत कुठेतरी जाऊन बसलं.

"थांबणं," तो म्हणाला. "थांबल्यावर होतं. गाडी पळत असते तोवर वारा लागतो, आत थंड हवा जाते. बंद करून दहा मिनिटं उभी केली की इंजिनाची सगळी धग वर चढते. एव्हलिन दर घरापाशी थांबते. प्लास्टिक मऊ पडतं, झडपेचा दांडा त्यात रुततो, निघताना ॲक्सिलरेटर दाबला की..." त्याने हाताची मूठ वळली आणि ती उघडलीच नाही.

"हिरवे किती?" रॉजरने विचारलं. गवत विसरून.

"बारा केले. टेबलावर तीन उरलेत. नऊ गेले."

एक इथे. म्हणजे आठ, या उन्हात, कुठेतरी.

मी पार्सलची पावती उलटी केली आणि नावं लिहायला घेतली. सगळं गाव एव्हाना तिथे जमलंच होतं. रॉजरने हात वर केला. मग शाळेची हेडमिस्ट्रेस. मग पास्टर लोथार, ते जरा लाजले, कारण त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की त्यांची गाडी प्रार्थनेवर चालते. हात वर करणाऱ्या प्रत्येकाने पैसे भरल्याचं न विचारता सांगितलं. "मी चाळीस टाकले, सुट्टे नव्हते." "मी दोनदा मोजून टाकले." ज्यांच्या गाड्या जवळ होत्या त्यांनी जाऊन बॉनेटं उघडली. दोन सेन्सर सायकलच्या सीटसारखे पोक काढून बसलेले निघाले. पास्टरांनी आपला हातात धरला आणि उलटसुलट फिरवून पाहिला. त्यांच्या बायकोने त्याच सकाळी ती गाडी तलावाकडे नेऊन आणली होती, पाच पोरं घालून.

पावतीवर सात नावं झाली. एव्हलिन धरून आठ.

"एक राहिलं," मी म्हटलं.

कुणाचाच हात वर झाला नाही.

आता दुसरी गोष्ट. ख्रिसमसच्या आधीपासून क्लेमच्या टेबलावर एक पाटी लटकत होती, खडूने लिहिलेली: *एका सेन्सरचे पैसे आलेले नाहीत. ज्याने नेला त्याला ठाऊक आहे.* त्या पाटीवर गावात सहा आठवडे चर्चा चालली होती. बोटं बहुतेक बार्नी पेचकडे होती. बार्नीकडे वॅगन आहे, आणि बार्नी डब्यात नाणी टाकताना जरा जास्तच वाजवतो.

क्लेम सरळ बार्नीसमोर जाऊन उभा राहिला. "बार्नी, पैसे नकोत मला. पाटी पुसली समज. फक्त बॉनेट उघड."

"माझ्याकडे नाही तुझा सेन्सर."

"बार्नी, मरशील रे!"

"अरे नाही माझ्याकडे!" बार्नीने क्लबच्या भिंतीलगत उभ्या केलेल्या गाडीचं बॉनेट धाडकन वर केलं. आत कंपनीचा जुनाच सेन्सर होता, तारेने करकचून बांधलेला. तारही कुंपणाची. "बघा सगळ्यांनी! उचक्या देत फिरतो, पण माझा आहे." तो लालबुंद झाला होता. "अंडी घेतो. अंडी घेतो मी, कबूल आहे. डझनाचे पैसे टाकतो आणि चौदा नेतो. पण सेन्सर नाही."

एरवी या कबुलीवर आम्ही महिनाभर जगलो असतो. त्या क्षणी कुणी हसलंसुद्धा नाही. बार्नी नाही, तर मग कोण? आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. मी इथे जन्मले, आणि त्या दुपारी पहिल्यांदा मी माझ्या शेजाऱ्यांचे चेहरे अनोळखी माणसांसारखे वाचत होते. आमच्यातलं कुणीतरी पस्तीस डॉलरांच्या लाजेपायी मरायला तयार होतं.

लोर्ना तेवढ्यात चर्चच्या हॉलमधून आली. तिकडे दुपारच्या अंत्यविधीसाठी बायका सँडविचेस करत होत्या. एव्हलिनला लागलं एवढंच तिला कळलं होतं, म्हणून एक तबक उचलून आली होती. आमच्याकडे काहीही झालं तरी आधी सँडविच पोचतं.

तिने एव्हलिनला पाहिलं, ठीक आहे असं बघून मान हलवली. मग तिची नजर गाडीच्या टपावर गेली. तिथे वितळलेले हिरवे तुकडे ओळीने मांडले होते.

"हे काय?"

"माझे सेन्सर," क्लेम म्हणाला. "उष्णतेने झडप अडकते. गाडी थांबत नाही. एक सापडत नाहीये. तो पैसे न देता नेलेला."

लोर्नाने तबक त्या तुकड्यांशेजारी टपावर ठेवलं. अगदी सावकाश, सगळी सँडविचेस सरळ राहतील असं.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"सव्वा वाजला," मी म्हटलं.

"ट्रूडी साडेबाराला निघते."

"कोण ट्रूडी?" क्लेम म्हणाला. आपल्या एकुलत्या एक मुलीचं नाव ऐकून.

"कूमालाहून निघते. दर शुक्रवारी. तू शेडमध्ये असतोस तेव्हा. चहा घेते, कुत्र्याला कोंबड्यांमागे पळवते आणि चारला जाते." लोर्नाचा आवाज सपाट होता. "नोव्हेंबरात तिची गाडी फाटकात बंद पडली. मी टेबलावरून एक उचलला आणि बसवला."

"तू बसवलास?"

"पन्नास वर्षं तुला टॉर्च धरतेय, क्लेम. दोन स्क्रू मलाही कळतात."

"आणि पैसे..."

"माझ्या कोंबड्या, माझं टेबल, माझा नवरा. मी कुठल्या डब्यात पैसे टाकू?" तिने तबकाची कड उगाच सरळ केली. "रोज सकाळी अंडी मांडताना तुझी पाटी वाचत होते मी."

क्लेमने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. एकेकाकडे. त्याला जे दिसायचं ते दिसलं: आम्हाला ठाऊक होतं. ट्रूडी दर शुक्रवारी येते हे दोनशे अकरा माणसांना ठाऊक होतं. पास्टरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

बाप-लेकीचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. ट्रूडी कूमालाच्या दवाखान्यात नर्स आहे, अपघाताच्या वॉर्डात. क्लेमने तिला जुन्या भागांचा एक हीटर करून दिला होता, थंडीसाठी. तिने तो लावला नाही. कारण विचारल्यावर म्हणाली, "बाबा, तुझी काटकसर एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल." क्लेमने हीटर उचलला, घरी आणला, आणि तिथून पुढे तिचं नाव घेतलं नाही.

ते वाक्यही गावात सगळ्यांना पाठ होतं. त्या क्षणी ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

ट्रूडीचा फोन लागेना. मधल्या सगळ्या पट्ट्यात वस्ती नाही, तिथे सिग्नल नसतो. "पळत राहिली तर ठीक," क्लेम पुटपुटत होता. "थांबली नाही तर ठीक. थांबते का ती? लोर्ना, थांबते का कुठे?"

"स्टॅव्हच्या पेट्रोल पंपावर. कुत्र्याला पाणी पाजायला."

मी क्लबमधून पंपावर फोन लावला. स्टॅव्हने उचलला.

"ट्रूडी? अगं, आत्ताच गेली. पाच मिनिटं झाली. कॉफी घेतली, कुत्र्याला सावलीत बसवलं, चांगली पंधरा मिनिटं गप्पा मारल्या. बापाबद्दल विचारत होती. का गं?"

मी फोन ठेवला. मला काही सांगावं लागलं नाही.

माझी गाडी काढली आणि मीच चालवली. त्याच्या खिशात एक काळा सेन्सर होता, मांडीवर मीटर आणि स्क्रूड्रायव्हर. लोर्ना मागे बसली. तिने पट्टा लावून घेतला आणि दोन्ही हातांनी माझी सीट पकडली.

रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाचे खुंट, पिवळे, कोरडे. गरम गाडी त्या खुंटांवर शिरली तर काय होतं हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मी क्षितिजावर धूर शोधत होते. ती दोघंही शोधत होती. कुणी कुणाला सांगितलं नाही.

"पाकिटावर लिहिलं होतं," क्लेम मधेच म्हणाला. "साठ अंशांपर्यंतच. वाचलं मी. काळा रोल आला की सगळ्यांचे बदलून देऊ म्हटलं. रोल दोन महिने आला नाही, नोलीन. दोन महिने! गेल्या मंगळवारी आला. बुधवारी छापायला घेतले. एका आठवड्याचा प्रश्न होता."

मी रस्त्याकडे पाहत होते.

त्याला काय उत्तर द्यायचं होतं ते मला ठाऊक होतं. तो रोल नोव्हेंबरच्या वीस तारखेला आला होता. मी तो काउंटरखाली ठेवला, त्याच्यापुढे कुत्र्याच्या खाण्याची पोती रचली, आणि क्लेमच्या टपालपेटीत चिठ्ठी टाकायची राहिली. दोनदा त्याने विचारलं, "काही आलं का?" दोनदा मी वाकून न पाहता म्हटलं, "आलं की कळवीन की." गेल्या सोमवारी पोती हलवली तेव्हा खोकं दिसलं. मंगळवारी त्याला दिलं. तो म्हणाला, "दोन महिने लागले यायला!" आणि मी म्हटलं, "टपालाचं हल्ली काही खरं नाही बघ."

कुणी किती अंडी जास्त नेली हे मला ठाऊक असतं. हे मात्र मी विसरले होते.

"तिकडे!" लोर्ना ओरडली.

वॅगन रस्त्याच्या उजवीकडे होती, चुनखडीच्या उघड्या पट्टीवर, तोंड उलट्या दिशेला. रस्त्यावर टायरच्या काळ्या खुणा होत्या. त्या लांबच लांब होत्या, मधे एकदा पलीकडे जाऊन परत आल्या होत्या. मी त्या नजरेने मोजल्या, सवयीने. पावणेदोनशे मीटर. बॉनेट उघडं होतं. माणूस दिसेना.

मी गाडी पुरती थांबवायच्या आत क्लेम उतरला आणि पडला. उठून पळाला. तो माणूस पळताना मी पाहिलेला नव्हता.

ट्रूडी वॅगनच्या पलीकडच्या सावलीत बसली होती, टायरला टेकून. कुत्रा तिच्या मांडीवर. तिचा अंगठा भाजला होता आणि तो तिने तोंडात धरला होता.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी आणलंस का?"

दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. त्याने पाणी आणलं नव्हतं. मी आणलं होतं.

ती प्यायली, कुत्र्याला पाजलं, मग बोलली. "वळण संपल्यावर वेग घेतला आणि पाय काढला. गाडीला पत्ताच नाही. न्यूट्रलमध्ये टाकली तर इंजिन किंचाळायला लागलं. किल्ली बंद केली, स्टिअरिंग दगडासारखं झालं. खुंटांत नको जायला एवढंच डोक्यात होतं. खुंटांत नको, खुंटांत नको." तिचे दात वाजत होते, त्रेचाळीस अंशांत. "वॉर्डात आणतात ना लोकांना, ते असंच सांगतात. मला वाटायचं वाढवून सांगतात."

लोर्ना तिच्याशेजारी मातीत बसली होती आणि तिचा पाय धरून होती, का ते तिलाही ठाऊक नसावं.

क्लेम उभा होता. तो ते वाक्य ऐकायची वाट पाहत होता. आम्ही सगळेच पाहत होतो.

ट्रूडीने खिशातून हिरवा तुकडा काढला. ओढून काढताना त्याची दोरी झाली होती आणि तशीच घट्ट झाली होती. "हा तुझा."

"आईने सांगितलं?"

"आई म्हणाली पार्टच्या दुकानातून आणला. दुकानातल्या मालावर पेन्सिलने 'हळू घट्ट करा' लिहिलेलं असतं का? आणि खाली तारीख?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून. कूमालाला पोचल्यावर बॉनेट उघडलं होतं मी."

"मग काढला का नाहीस?" क्लेम जवळजवळ ओरडला. "तुला ठाऊक होतं माझा आहे, मग लावून का फिरलीस?"

ट्रूडी थोडा वेळ अंगठा बघत राहिली. "गाडी चांगली चालत होती रे," ती म्हणाली. "दहा वर्षांत एवढी चांगली चालली नव्हती."

क्लेम खाली बसला.

मग त्याने खिशातला काळा सेन्सर काढला. स्क्रू लावताना त्याच्या हातून तो दोनदा निसटला, तेव्हा ट्रूडीने स्क्रूड्रायव्हर घेतला. लोर्नाने, ऊन लख्ख असूनही, टॉर्च शोधायला हात पुढे केला आणि मागे घेतला. क्लेमने मीटर धरलं. ट्रूडीने सेन्सर केसभर फिरवला.

"अर्धा?"

"थोडा मागे. हां. अर्धा."

"हा काळा उष्णतेला टिकतो?"

"टिकतो."

"मग आधीच काळा का नाही लावलास?"

"रोल उशिरा आला," क्लेम म्हणाला. "टपालाने दोन महिने लावले."

ट्रूडीने मान हलवली. ते तिला पटलं. गोष्ट तिथेच मिटली असती. मी पाण्याची बाटली हातात धरून उभी होते, आणि रस्त्यावरच्या त्या काळ्या खुणा माझ्या पायापासून सुरू होत होत्या.

"उशिरा नाही आला, क्लेम," मी म्हटलं.

मग मी सगळं सांगितलं. वीस तारीख, पोती, चिठ्ठी, आणि गेल्या मंगळवारी जे बोलले ते. कमी करून सांगितलं नाही. मला ते जमतही नाही.

क्लेमने माझ्याकडे पाहिलं. बॉनेटमधून वर आला होता तोच चेहरा, पिठाचा.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"सत्तावन्न."

परतीला तो ट्रूडीच्या गाडीत बसला, कुत्र्याशेजारी, मागे. लोर्ना पुढे. मी एकटी त्यांच्या मागून आले. वॅगन एकदाही उचकली नाही.

आता फाटकाजवळच्या टेबलावर वही असते, दोरीने बांधलेली. नाव, गाडी, रंग. लोक भरतात. बाहेरच्यांना अभिमानाने दाखवतातही. पाटी गेली. बार्नीच्या नावावर दोन अंडी मांडलेली आहेत, गेल्या सहा वर्षांच्या हिशेबाने ती कितीतरी कमी आहेत. ट्रूडी शुक्रवारी येते आणि क्लेम शुक्रवारी शेडला जात नाही.

माझ्याशी तो बोलत नाही. टपाल घ्यायला लोर्ना येते. तिच्या हातून चिठ्ठ्या पाठवतो: *पार्सल आलं का? वाकून बघणे.* मी दर वेळी वाकून बघते.

परवा ट्रूडी दुकानात आली होती. मी तिला विचारलं, किती दिवस चालणार हे?

"माझ्या वेळी दोन वर्षं चाललं," ती म्हणाली आणि कुत्र्याच्या खाण्याचं एक पोतं उचलून घेऊन गेली.

सात महिने झालेत.